आपत्तीनंतर मदतीला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पूर ओसरून आठवडा झाला होता. आम्ही सहाजण एका घरातला चिखल काढत होतो. मी पहिल्यांदाच अशा कामाला गेले होते आणि अंगात नुसता उत्साह भरला होता. कोपऱ्यात चिखलानं लडबडलेलं शिलाई मशीन दिसलं. चाक जागचं हलत नव्हतं, सुईच्या खाली मातीचा गोळा बसला होता. मी दुसऱ्या एकाच्या मदतीनं ते उचललं आणि बाहेर टाकाऊ सामानाच्या ढिगावर ठेवलं. घरच्या काकू पायरीवर बसून होत्या. सकाळपासून त्या काही बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, मशीन ढिगावरून खाली ओढलं आणि चाकावरची माती बोटांनी खरवडायला लागल्या. "हे टाकायचं नाही," एवढंच म्हणाल्या. "ह्याच्यावरच घर चालतं."

त्या दिवशी मी बरंच काम केलं होतं, पण कोणालाही काहीही विचारलं नव्हतं. म्हणून नव्यानं मदतीला निघणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते: घर चिखलात बुडालं, पडलं, वाहून गेलं तरी ते त्यांचंच घर असतं. काय ठेवायचं, काय टाकायचं, आधी कशाला हात घालायचा हे ठरवायचा हक्क त्यांचा. आपण फक्त हात घेऊन जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: आत्ता जायचं की थांबायचं?

बातमी पाहिली की लगेच निघावंसं वाटतं. ती तळमळ खरी असते, पण पहिले दोन-तीन दिवस बाहेरच्या नवख्या माणसाचे नसतात. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. जगभर असंच होतं. त्यानंतरचं काम प्रशिक्षित बचाव पथकांचं. या काळात बाहेरून आलेल्या गाड्यांनी रस्ते अडतात आणि रुग्णवाहिका मागे राहतात. शिवाय आलेल्या प्रत्येकाला पाणी, झोपायला जागा आणि शौचालय लागतं. जिथे या तिन्हीची टंचाई आहे तिथेच आपण तो भार वाढवतो.

त्याच कोबेमध्ये पुढे वर्षभरात दहा लाखांहून जास्त लोक मदतीला गेले. जपानमध्ये १९९५ ला 'स्वयंसेवेचं पहिलं वर्ष' म्हणतात ते त्यामुळेच. म्हणजे हातांची गरज प्रचंड असते, फक्त ती पहिल्या तासात नसते. साधारण पहिला आठवडा उलटला की घरं साफ करणं, सामान वाहणं, वाटपाच्या याद्या करणं अशी कामं सुरू होतात. कॅमेरे निघून गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, मदतीचे हात अचानक आटतात आणि काम मात्र तेवढंच उरलेलं असतं. तुम्हाला एकदाच रजा मिळणार असेल तर ती तेव्हासाठी राखून ठेवा, असं मी आग्रहानं सांगेन.

निघण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. तिथून कोणी बोलावलं आहे का? माझं खाणं-पिणं-झोपणं मी स्वतः सांभाळू शकते का? आणि तिथे गेल्यावर मला सांगतील ते काम, कितीही कंटाळवाणं असलं तरी, मी करणार आहे का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर अजून थांबा.

पायरी २: कोणाच्या तरी बरोबर जा

एकट्यानं गाडी काढून जाऊ नका. स्थानिक प्रशासन, त्या भागात आधीपासून काम करणारी संस्था किंवा तिथल्या लोकांनीच उभं केलेलं मदत केंद्र, यांपैकी कुठेतरी नाव नोंदवा. जपानमध्ये आपत्तीनंतर स्वयंसेवक केंद्रं उघडतात. घरोघरचे लोक तिथे आपली गरज नोंदवतात, सकाळी आलेल्या स्वयंसेवकांचे गट पाडून एकेका घराचं काम दिलं जातं आणि संध्याकाळी गटानं परत येऊन काय झालं, काय राहिलं ते सांगायचं असतं. पद्धत साधी आहे, पण तिच्यामुळे एका घरात वीसजण आणि शेजारच्या घरात कोणीच नाही असं होत नाही.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये २०१० आणि २०११ च्या भूकंपांनंतर जमिनीतून वर आलेल्या ओल्या गाळानं रस्ते आणि अंगणं भरून गेली. तो उपसायला हजारो विद्यार्थी उतरले. त्यांतल्या बहुतेकांना कसलंही खास शिक्षण नव्हतं. ते सोशल मीडियावरून जमले, गटागटानं वाटून घेतलेल्या भागात गेले आणि फावड्यांनी गाळ उपसला. नवख्या माणसांनीही किती मोठं काम होऊ शकतं, फक्त कोणीतरी नीट आखणी केली पाहिजे, हे त्यातून कळतं.

संस्था निवडताना काही गोष्टी सरळ विचारा. तुम्ही तिथे किती दिवस राहणार आहात? स्वयंसेवकाला दुखापत झाली तर काय व्यवस्था आहे? गटप्रमुख कोण? मदत देताना धर्म, जात, पक्ष पाहिला जातो का? रेडक्रॉस चळवळ आणि मदत संस्थांनी मिळून १९९४ मध्ये एक आचारसंहिता केली. मदत गरजेनुसारच द्यायची आणि तिच्या आडून कुठलाही राजकीय किंवा धार्मिक हेतू पुढे रेटायचा नाही, हे तिच्यातले पायाभूत मुद्दे आहेत. मदतीच्या पिशवीवर कोणाचा फोटो छापलेला दिसला किंवा वाटपाआधी घोषणा द्यायला लावल्या जात असतील, तर त्या गटात थांबू नका.

पायरी ३: वस्तू पाठवायच्या की पैसे?

इथे मी थोडक्यात पण स्पष्ट सांगते: मागितल्याशिवाय वस्तू पाठवू नका, आणि जुने कपडे तर अजिबात नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यांवर आणि रस्त्याच्या कडेला नको असलेल्या कपड्यांचे ढीग लागले होते. त्यांचं वर्गीकरण करायला, साठवायला आणि शेवटी विल्हेवाट लावायला माणसं लागतात, आणि ती खऱ्या कामातून काढावी लागतात. शिवाय दुसऱ्याचे वापरलेले, न धुतलेले कपडे हातात पडल्यावर माणसाला काय वाटत असेल, हाही विचार करा. पैसे पाठवले तर लोक स्वतःची गरज स्वतः ठरवतात आणि तिथलाच बाजार पुन्हा उभा राहायला हातभार लागतो. वस्तूच मागितल्या असतील तर यादीत आहेत तेवढ्याच, नव्या, आणि खोक्यावर आत काय आहे ते ठळक लिहून पाठवा.

पायरी ४: स्वतःची तयारी

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवा. दहा वर्षं उलटली असतील तर जाण्याआधी घ्या. नेहमीची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या. पुराच्या भागात जात असाल तर लेप्टोस्पायरोसिसबद्दल डॉक्टरांशी बोला. हा आजार जनावरांच्या, मुख्यतः उंदरांच्या, लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे किंवा डोळ्या-नाकातून शरीरात शिरतो. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. अंगावर उघडी जखम असेल तर चिखलात उतरू नका, केंद्रावर बसून करायची कामंही भरपूर असतात.

सामानात सगळ्यात महत्त्वाचे बूट. तळाला पोलादी पत्रा असलेले गमबूट मिळाले तर उत्तमच, कारण चिखलाखाली खिळे आणि काचा असतात आणि साधा रबरी तळ खिळ्यापुढे टिकत नाही. जाड रबरी हातमोजे, त्यांच्या आत घालायला सुती मोजे, डोळ्यांना गॉगल, धूळ आणि बुरशीसाठी एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. सहकाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल असं नाव आणि रक्तगट शर्टावर लिहिलेला असावा. पिण्याचं पाणी दिवसाला माणशी तीन-चार लिटर धरा, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. कोरडं खाणं, अंथरूण, टॉर्च, पॉवर बँक, सुटे पैसे, शिट्टी, आणि आपला कचरा परत आणायला मोठ्या पिशव्या.

पायरी ५: दाराशी थांबा

घराशी पोचल्यावर फावडं खाली ठेवा. घरच्या माणसाला नाव सांगा, कुठल्या गटाकडून आलात ते सांगा आणि विचारा, "आधी काय करू या?" कधीकधी उत्तर अगदी अनपेक्षित येतं. सगळं घर चिखलात असताना एखाद्याला आधी फक्त एक कपाट उघडून हवं असतं. ते उघडा. त्यात काय आहे ते विचारू नका.

मग घर बाहेरून एक फेरी मारून बघा. भिंतीला नवी तिरकी भेग आहे का, छत झुकलंय का, पायाखालची माती वाहून गेलीय का. शंका आली तर आत जायचं नाही आणि घरच्यांनाही जाऊ द्यायचं नाही. गटप्रमुखाला कळवायचं, जाणकार अभियंत्यानं बघितल्यावरच आत. विजेचा मेन स्विच बंद आहे याची खात्री करा, मात्र पाण्यात उभं राहून स्विचला हात लावू नका. गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडी टाकून बाहेर या, कुठलंही बटण दाबू नका.

पुरानंतर साप कोरड्या जागा शोधत घरात येतात. पलंगाखाली, फळीमागे, ओल्या गादीच्या घडीत हात घालण्याआधी लांब काठीनं हलवून बघा. साप दिसलाच तर मारायच्या भानगडीत न पडता बाजूला व्हा आणि पकडणाऱ्या जाणकाराला बोलवा. चावलाच तर चावलेला भाग हलू न देता थेट दवाखान्यात न्या. कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काहीही करायचं नाही.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: साफसफाई सुरू करण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे, खराब झालेल्या मोठ्या वस्तूंचे. हे फोटो घरच्यांच्याच मोबाइलवर काढा, आपल्या नाही. नुकसानीची सरकारी नोंद झाली का, विमा आहे का, हे आधी विचारा. तुमच्या झटपट सफाईमुळे त्यांच्या भरपाईचा पुरावाच साफ व्हायला नको.

तळघरात किंवा खोलगट खोलीत पाणी साचलेलं असेल तर पंप लावून एका झटक्यात उपसू नका. बाहेरची जमीन पाण्यानं फुगलेली असते आणि आतल्या पाण्याचा आधार गेला की भिंती आत कोसळू शकतात. दिवसाला साधारण एक तृतीयांश असं टप्प्याटप्प्यानं उपसायचं. पंपाचं किंवा विजेचं जनरेटर कधीही घरात, दारात किंवा खिडकीखाली चालवायचं नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपत्तीतून वाचलेली माणसं नंतर या वायूनं गेल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात.

पायरी ६: चिखल

हे काम नीट समजून घ्या, कारण नवख्यांच्या वाट्याला बहुतेकदा हेच येतं.

आधी अंदाज घेऊ. दहा फूट बाय दहा फुटांची खोली आहे आणि तिच्यात चार इंच चिखल आहे. दिसायला फार वाटत नाही. पण ओला चिखल पाण्यापेक्षाही बराच जड असतो, आणि एवढ्या खोलीतला चिखल सहज दीड टन भरतो. घमेल्यात पंधरा किलो धरले तरी शंभर घमेली झाली, ती उचलायची, दारातून वळवायची, बाहेर नेऊन ओतायची. म्हणून घमेलं कधीही काठोकाठ भरू नका, अर्धंच भरा. एकानं सगळं उचलून नेण्यापेक्षा रांग करा आणि हातोहात पुढे द्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी भरणारा आणि ओतणारा यांची अदलाबदल करा. पहिल्या दिवशी कंबर धरली की पुढचे चार दिवस तुम्ही इतरांवर ओझं होता.

चिखल ओला असतानाच काढायचा. वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो आणि त्याची धूळ छातीत जाते. वाळलाच असेल तर आधी पाणी शिंपडून मऊ करा. सुरुवात दारापासून करा, म्हणजे आत जाण्याची वाट मोकळी होते. आतून बाहेर ढकलत येण्याच्या नादात चिखल शेजाऱ्याच्या दारात किंवा गटारात लोटू नका. गटार तुंबलं तर पुढच्या पावसात तेच पाणी परत घरात. टाकायची जागा आधी विचारून घ्या.

फावड्याला काही लागलं की थांबा. चिखलात भांडी असतात, दागिना असतो, एखाद्याचं मंगळसूत्र असतं, औषधाची बाटली असते. दारापाशी तीन ठिकाणं करा: ठेवायचं, टाकायचं, आणि 'विचारायचं'. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला तरी हरकत नाही. 'टाकायचं' मधली वस्तूसुद्धा गाडीत जाण्याआधी घरच्यांनी एकदा बघू द्या. माणूस दमलेला असेल, रडत असेल, तर आज टाकूच नका, उद्यापर्यंत राहू द्या. एका दिवसानं काही बिघडत नाही, आणि टाकलेली वस्तू परत येत नाही.

भिजलेले फोटो ही वेगळी गोष्ट. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखलातून सापडलेले असंख्य फोटो धुऊन, वाळवून लोकांना परत मिळावेत म्हणून मांडून ठेवले. तुम्हालाही जमेल. चिकटलेले फोटो ओढून वेगळे करू नका. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवा, सुटायला वेळ द्या, चित्राच्या बाजूला बोट न लावता हलकेच धुवा आणि चित्र वर करून सावलीत वाळवा. आज वेळच नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी बुरशी थांबते आणि काम पुढच्या आठवड्यावर टाकता येतं.

चिखल गेला की वरून खाली धुवायचं, आधी भिंती, मग जमीन. साबणाच्या पाण्यानं घासून झाल्यावरच जंतुनाशक वापरायचं, कारण माती राहिली तर क्लोरीन तिच्यातच संपून जातं. पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, म्हणजे अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं. ते रोज ताजं करा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

शेवटचा टप्पा वाळवण्याचा, आणि इथेच घाई होते. ओल्या वस्तूंवर बुरशी एक-दोन दिवसांत धरते. भिंतीच्या आतली ओल जायला आठवडे लागतात. घरच्यांना लवकर रंग लावून घर पुन्हा घरासारखं दिसावं असं वाटणं साहजिक आहे. त्यांना एवढंच सांगा की ओलीवर मारलेला रंग फुगतो आणि आत बुरशी वाढत राहते. दारं-खिडक्या उघड्या, फर्निचर भिंतीपासून हातभर लांब, आणि थोडा धीर.

पायरी ७: भूकंप आणि दरड

इथे नवख्या माणसाचं काम ढिगाऱ्यावर नसतंच. धक्के पुढे अनेक दिवस येत राहतात आणि अर्धवट उभी भिंत कुठल्याही धक्क्यात पडू शकते. दरड कोसळलेल्या डोंगराची उरलेली माती पावसात पुन्हा घसरते. तुम्ही पाणी पोचवा, नोंदी ठेवा, मोकळ्या जागेत तंबू उभारायला हात लावा. बचावकार्याच्या जवळ असाल तर एक खूण लक्षात ठेवा. मेक्सिको सिटीमध्ये १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपानंतर कोणी मूठ वर केली की रस्त्यावरचा प्रत्येकजण जागच्या जागी गप्प उभा राहायचा, ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू यावा म्हणून. तुमच्या ठिकाणी खूण वेगळी असेल, ती पहिल्या पाच मिनिटांत विचारून घ्या. जुने सिमेंटचे पत्रे फुटलेले दिसले तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे श्वासातून फुफ्फुसात जाऊन घात करणारे बारीक तंतू. ते तोडू नका, झाडू नका, हात न लावता गटप्रमुखाला दाखवा.

पायरी ८: बोलणं, आणि त्याहून जास्त ऐकणं

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे आजूबाजूला धोका आहे का, कोणाला तातडीनं काही हवंय का. ऐका म्हणजे जवळ बसा, तो बोलेल ते ऐका. जोडून द्या म्हणजे डॉक्टर, नातेवाईक, सरकारी मदत, जे हवं असेल तिथपर्यंत त्याला पोचवा. यात 'काय झालं ते सगळं सांगा' असं कुठेही नाही. घडलेला प्रसंग खोदून खोदून सांगायला लावल्यानं माणूस मोकळा होतो ही समजूत चुकीची आहे, त्यानं त्रास वाढूही शकतो.

काही वाक्यं तोंडात येतात, ती गिळा. "जीव वाचला हे काय कमी आहे." ज्याचं माणूस गेलंय त्याला हे ऐकवू नका. "मला कळतंय तुम्हाला काय वाटतं ते." कळत नसतं. "सगळं नीट होईल, आम्ही आहोत ना." तुम्ही परवा परत जाणार आहात. त्यापेक्षा "मी इथे बसू का थोडा वेळ?" हे विचारलेलं चांगलं. नाही म्हणाले तर उठा, वाईट वाटून घेऊ नका. कोणी रागानं बोललं तर तो राग तुमच्यावर नसतो, तुम्ही फक्त समोर असता.

कोबेमध्ये १९९५ ला स्वयंसेवकांनी एक गोष्ट सुरू केली, ती मला फार मोलाची वाटते. निवारा केंद्रात एका टबात सोसवेल इतकं गरम पाणी घ्यायचं, आणि ज्याला हवं असेल त्याला खुर्चीवर बसवून दहा-पंधरा मिनिटं पाय पाण्यात सोडायला सांगायचं. स्वयंसेवक समोर खाली बसतो आणि हलक्या हातानं त्याचे हात चोळतो. काही विचारत नाही. पाय ऊब धरायला लागले की माणूस आपणहून पुटपुटायला लागतो, औषध संपलंय, रात्री झोप येत नाही, सून बोलत नाही, गोठ्यातल्या जनावरांचं काय झालं असेल. ही पुटपुट टिपून ठेवतात आणि ज्याला त्यावर काही करता येईल त्याच्यापर्यंत पोचवतात. त्यासाठी लागतं काय, तर एक टब, गरम पाणी, टॉवेल आणि गप्प बसता येणारा माणूस. २०११ च्या त्सुनामीनंतरही हे काम जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर झालं. तुमच्यापैकी ज्यांना चिखल उपसणं शरीरानं शक्य नाही त्यांनी हे जरूर शिकावं.

मुलांच्या बाबतीत मात्र फार जपून वागा. कुठल्याही मुलाला एकट्यानं कुठे नेऊ नका, मोठ्यांना विचारल्याशिवाय उचलून घेऊ नका, आणि हरवलेलं मूल भेटलं तर स्वतः पालक शोधत न फिरता केंद्रावर नोंद करा. रडणाऱ्या माणसाचा फोटो नाही. मोडक्या घरासमोर आपला फोटोही नाही. नावं, पत्ते, फोन नंबर असलेल्या याद्या ग्रुपवर टाकू नका, फसवणारे याच याद्या शोधत असतात.

पायरी ९: निवारा केंद्रात डोळे उघडे ठेवा

तुम्ही अधिकारी नाही, पण बघून सांगू शकता. मानवतावादी मदतीसाठी स्फिअर नावाची जगभर वापरली जाणारी मानकं आहेत. त्यांत पाणी दिवसाला माणशी किमान १५ लिटर, शौचालय निदान वीस माणसांमागे एक, आणि छपराखाली माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा असे आकडे आहेत. हे डोक्यात असले की कमतरता कुठे आहे ते लगेच दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बायकांची शौचालयं वेगळी आहेत का, आतून कडी लागते का, रात्री तिथपर्यंत दिवा आहे का. दिवा नसेल तर मुली संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. हे तुम्हाला कोणी तक्रार म्हणून सांगणार नाही, तुम्हीच रात्री एकदा त्या वाटेनं चालून बघा.

पायरी १०: चिखल संपल्यावरचं काम

आता शिलाई मशीनकडे परत येते. आम्ही ते स्वच्छ पाण्यानं धुतलं, पुसलं, दोन दिवस वाळू दिलं. गावातल्याच एका मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी ते सगळं खोललं, रॉकेलनं एकेक भाग साफ केला, तेल घातलं. त्यांचं स्वतःचं दुकान पाण्यात गेलं होतं आणि त्या आठवड्यातलं ते त्यांना मिळालेलं पहिलं काम होतं. आमच्या गटानं त्याचे पैसे दिले. मला वाटतं त्या पूर्ण फेरीत आम्ही केलेला सगळ्यात शहाणा खर्च तोच. तिथलं काम तिथल्या कारागिराला द्या. गवंडी, सुतार, वायरमन, मेकॅनिक हेही आपत्तीत सापडलेले असतात, आणि फुकट काम करणारे बाहेरचे हात कधीकधी नकळत त्यांची मजुरी हिरावून घेतात.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं वाटतं म्हणून कोणी घेत नाही. ओळखपत्रं, बँकेची पुस्तकं, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले वाहून गेलेले असतात आणि त्यांच्यावाचून भरपाई मिळत नाही. एक टेबल मांडा, दोन खुर्च्या, पेन, मोबाइल. अर्ज वाचून दाखवा, भरायला मदत करा, सही कुठे करायची ते सांगा, आणि भरलेल्या प्रत्येक अर्जाचा फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये ठेवा. एका घरामागे दोन तास जातात. ते दोन तास कधीकधी आठवडाभराच्या फावड्यापेक्षा जास्त उपयोगी ठरतात.

घरं पुन्हा बांधायची वेळ येते तेव्हाही विचारणं सोडू नका. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुसंख्य घरं मालकांनी स्वतःच बांधली. पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत होते आणि भूकंपात टिकेल असं बांधकाम कसं करायचं याचं तांत्रिक मार्गदर्शन सोबत होतं. स्वतः बांधलेल्या घरात खोली कुठे हवी, ओटा कुठे हवा हे राहणाऱ्यानं ठरवलेलं असतं.

ज्यांना जाणं शक्यच नाही त्यांच्यासाठीही काम आहे. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तिथली राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आणि इमारती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर भरल्या, आणि ते नकाशे बचाव पथकांनी वापरले. हे शिकायला एखादी दुपार पुरते. भाषांतर, फोनवर बसणं, हिशेब लिहिणं, मदतीला गेलेल्या स्वयंसेवकाच्या मुलांना सांभाळणं ही सगळी या कामाचीच अंगं आहेत.

पायरी ११: निघताना आणि परत आल्यावर

किती दिवस आहात ते पहिल्याच दिवशी सांगा. शेवटच्या दिवशी गुपचूप निघू नका. प्रत्येक घराचं एक पान लिहा: काय झालं, काय राहिलं, कशाची वाट बघताहेत, कोणत्या खोलीची भिंत अजून ओली आहे. ते पान पुढच्या गटाच्या हातात द्या, म्हणजे त्या माणसांना तेच सगळं पुन्हा नव्या चेहऱ्यांना सांगावं लागणार नाही. अवजारं धुऊन परत करा.

घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा, पायाच्या बोटांमध्ये, नखांजवळ जखम आहे का बघा. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांमध्ये दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर अंगावर काढू नका, आणि 'मी पुराच्या पाण्यात काम केलं होतं' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. झोप न लागणं, उगाच चिडचिड, घरातल्या सुखसोयींबद्दलच अपराधी वाटणं हे काही दिवस होतं. बरोबर काम केलेल्यांशी बोला. काही आठवडे उलटूनही कमी झालं नाही तर समुपदेशकाकडे जा.

आणि आजच कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या एका तारखेला खूण करा. त्या दिवशी तुमच्या केंद्राला फोन करून विचारा, कोणत्या घरांचं काम अजून अडलंय. मी केला तेव्हा त्यांनी मला काकूंच्या शेजारचं घर सांगितलं. तिथल्या आजोबांचे तीन अर्ज परत आले होते, एका सहीवाचून.